वारात एकदा

महादेवपुरा, बेंगळुरू
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतला. सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं, तेही एकाच शहरात राहून, हे हसण्यासारखंच आहे. पण माझं अक्षर तुला आवडायचं. बाबा, तुमचं अक्षर पाठ्यपुस्तकातल्यासारखं, असं तू म्हणायचीस. चौतीस वर्षं फळ्यावर लिहून एवढं तरी हाती राहावं.

तुझ्या आईचे डोळे आता कसे आहेत? मोतीबिंदूनंतर दोन महिने तरी जपावं लागतं. तुझ्या अण्णांचं चिकपेटचं दुकान सणासुदीच्या गर्दीत असेल. धाकटा वादिराज त्यांच्या हाताशी आहे ना? सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

इकडे तुझ्या सासूचं म्हणशील तर, विद्या आता भिंतीला धरून बाल्कनीपर्यंत जाते. तोंड बरं झालंय, पण अजून मऊ भातच खाते. केस बरेच गेले. रक्तातल्या पेशी वाढतायत, असं डॉक्टर म्हणतात. ते औषध त्यांनी बंदच केलंय. सांध्यांचं काय करायचं ते सप्टेंबरात ठरवू म्हणाले. आल्यागेल्याला ती तुझ्याबद्दल विचारते. माझ्याशी मात्र फारसं बोलत नाही, अशक्तपणा असेल.

आता मुद्द्याचं. या घरात तुला कोणी दोष देत नाही. ईशान हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुला जे बोलला ते रागाच्या भरात बोलला. आई आत अतिदक्षता विभागात असताना माणसाचा तोल जातो. चूक कुणाकडूनही होते. तू फोनवर मला सांगितलंस, "नवी गोळी वारात एकदाच हं, बाबा." मी म्हटलं, "हो, वारात एकदा." वार म्हणजे दिवस. सोमवार, मंगळवार. मराठीत त्याला दुसरा अर्थ नाही. असलाच तर तलवारीचा. तू आठवडा म्हणाली असतीस तर हा प्रसंगच आला नसता. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीत कन्नड मिसळलंय, त्यात तुझा काय दोष? आणि त्या स्वस्त दुकानाचंही मला कळत नाही. जेनेरिक औषध, वेगळी पट्टी, वेगळा रंग. कंपनीचंच घेतलं असतं तर कदाचित एवढं अंगावर आलं नसतं.

झालं गेलं गंगेला मिळालं. ईशान हट्टाला पेटलाय. येत्या अठरा तारखेला सोमवारी तो वकिलाकडे जाणार आहे, वेगळं होण्याचं विचारायला. तू त्याच्याआधी घरी आलीस आणि "माझ्या बोलण्यात चूक झाली" एवढं म्हणालीस, तर तो विरघळेल. मी त्याला ओळखतो. तुझ्या एका वाक्याचं काम आहे.

तुझे,
बाबा

*

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

सिद्धी,

उत्तर आलं नाही. काल अण्णांचा फोन आला होता. इतकंच म्हणाले, "पत्र पोचलंय, पद्माकरराव. पोरीनं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मीही वाचलं." मग फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पहिलं पत्र पुन्हा मनात वाचून काढलं. विद्यार्थ्याच्या निबंधात असतं तसं ते पत्र आहे. भाषा शुद्ध, विषय सोडून.

तेव्हा आधी जेनेरिकचं. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, स्वस्त औषधामुळे झालं का? ते जवळजवळ चिडलेच. "औषध तेच, मात्रा तीच. महागडी गोळीही रोज घेतली असती तरी हेच झालं असतं. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं." ते दुकान तू शोधलं होतंस म्हणून मी त्याच्यावर ढकलत होतो. कंपनीच्या भावानं विद्यानं ही औषधं कधीच अर्ध्यावर सोडली असती. तुझ्यामुळे ती वर्षभर नियमित घेत होती, हे मी एकदाही तुला बोललो नाही.

तिथून मी त्या दुकानात गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो. काउंटरवर तीच मुलगी होती, पवित्रा. तिनं मला ओळखलं. "सर, मॅडम हेगिद्दारे?" म्हणाली. कशा आहेत. मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. मग हिंदीत म्हणाली, "सर, मैं हिंदी में बताने वाली थी. आपने मना किया."

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. दोन जूनला, सोमवारी, चिठ्ठी घेऊन मी गेलो. तिनं विचारलं, हिंदीत सांगू का? मी म्हटलं, "बेडा, कन्नड बरुत्ते." नको, मला कन्नड येतं. तीन वर्षांत रिक्षावाल्याशी आणि भाजीवालीशी घासाघीस करण्याएवढं कन्नड आलं, की मास्तराला वाटतं भाषा जिंकली. ती बिचारी पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "वारक्के ओंदे, सर. ओंदे." म्हणजे आठवड्याला एकच. मी ऐकलं, वाराला एकच. एकच, दोन नाही. मी ऐटीत म्हटलं, "सरी सरी, वारक्के ओंदे, गोत्तु." बरं बरं, माहीत आहे. मागे रांग होती. मला वाटलं, सगळे कौतुकानं बघतायत.

म्हणजे बघ, दोघींनी सांगितलं आणि दोघींनाही मी शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला. तुला "वारात एकदा", तिला "वारक्के ओंदे". तुम्हाला वाटलं म्हाताऱ्याला कळलं. परवा पवित्रा म्हणाली, "हमारा शब्द वापस मत बोलिए, सर. घर जाके क्या करोगे, वो बताइए." मी तिला म्हटलं, "बुधवारी एक. मग पुढच्या बुधवारपर्यंत एकही नाही." ती म्हणाली, "हां, बस इतना." दोन जूनला मी हे म्हणालो असतो तर दहा सेकंद लागली असती.

आणि डबी. ती सात घरांची डबी. तू इंग्रजी अक्षरांची आणली होतीस, मी त्यावर सोम, मंगळ, बुध असं मराठीत लिहून चिकटवलं होतं. दर रविवारी तू भरायचीस. तू माहेरी गेल्यावर मी भरली. सात वार, साती घरांत पिवळी गोळी. रांगेत बसवलेली मुलं बघून मास्तराला जो आनंद होतो, तो मला झाला.

हॉस्पिटलमध्ये त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, गोळ्यांची डबी कोण भरतं? मी म्हटलं, "सून भरते." यातला एकही शब्द खोटा नव्हता. ईशान शेजारी उभा होता. तिथून पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. त्यानं विचारलं, तू काय सांगितलं होतंस? आणि तू खरं तेच सांगितलंस, वारात एकदा. "वार म्हणजे आठवडा असतो का कुठे?" असं तो तुझ्यावर ओरडला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी चष्मा पुसत होतो.

अठरा तारीख जवळ येतेय. मी ईशानला अजून काही सांगितलेलं नाही. धीर होत नाही. तुला लिहिणं सोपं, तू समोर नाहीस.

बाबा

*

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

सिद्धी,

मागच्या पत्रात तुला वाटलं असेल, म्हातारा निदान खरं बोलायला लागला. अजून नाही. तू माझ्याकडे का बघितलंस, ते मी लिहिलं नाही.

मागच्या वर्षी श्रावणात तू चिकपेटहून आली होतीस. ईशान ऑफिसात होता. आपण तिघं जेवायला बसलो होतो आणि तू विद्याला म्हणालीस, "दोन वार झाले, आई, तुमच्या हातचं वरण खाल्लं नाही." मी भात कालवता कालवता म्हटलं, "दोन वार? कोणी केले? रक्त कुठे दिसत नाही ते!" तुला आधी कळलंच नाही. मग तू हसत म्हणालीस, "आमच्यात वार म्हणजे आठवडा, बाबा." मी हात धुवून उठलो आणि तुला वारांवर पंधरा मिनिटं पाठ दिला. तू नवी सून. हसत ऐकून घेतलंस. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुला "काय सूनबाई, वार बरे आहेत ना?" असं विचारून छळलं. शेवटी विद्याच म्हणाली, "पुरे आता, पोर काय तुमच्या वर्गात आहे?"

तेव्हा तुझा वार म्हणजे आठवडा, हे मला माहीत होतं. या घरात माझ्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं.

दोन जूनला ते आठवलं नाही, हे खरं आहे. देवाशपथ खरं. पण पुढचं ऐक. दहा तारखेच्या सुमाराला विद्याच्या तोंडात फोड आले. मी म्हटलं, इथलं सांबार तिखट. जिरं-खडीसाखर दिली, तूप लावलं. ती म्हणाली, "नव्या गोळीनं तर नसेल? सिद्धीला विचारू या का?" मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? मी स्वतः कानानं ऐकून आलोय, तेही कन्नडमध्ये." तू एक दिवसाआड फोन करत होतीस. मी सांगायचो, आई झोपलीय, सगळं ठीक. तुझ्या आईचं ऑपरेशन होतं, उगीच घोर कशाला, असं स्वतःला समजावायचो. खरं म्हणजे विद्यानं तुला विचारू नये असं मला वाटत होतं.

पंधरा जूनला, रविवारी सकाळी, मी तिसऱ्यांदा डबी भरायला बसलो. सोमवारच्या घरात गोळी टाकली, मंगळवारच्या टाकली, आणि तिसरी बोटात धरली असताना ते आठवलं. तुझं वाक्य. आमच्यात वार म्हणजे आठवडा. तुझ्या आवाजात, हसण्यासकट.

सिद्धी, मी थांबलो होतो. मिनिटभर तरी ती गोळी माझ्या बोटात होती. तुला फोन करायचा होता. एकच प्रश्न. पण मग तू म्हणाली असतीस, "बाबा, वार म्हणजे आठवडा, तुम्हाला ठाऊक होतं की." आणि तू हसली असतीस. नसतीसही हसली. पण मला तुझं हसू ऐकू आलं. ज्या शब्दावरून मी तुला वर्षभर चिडवलं, त्याच शब्दावर मी नापास, हे सुनेच्या तोंडून ऐकायचं जिवावर आलं. मी स्वतःला म्हटलं, डॉक्टर इतकी कमी गोळी देतील होय? आठवड्याला एक, हे काय औषध झालं? आणि ती गोळी बुधवारच्या घरात टाकली. नंतरची चारही घरं भरली.

त्यानंतर विद्यानं आणखी चार गोळ्या घेतल्या. एकोणीस तारखेला तिच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि ती मोरीत पडली. डॉक्टरांनी सांगितलं, चार दिवस आधी आणलं असतं तर एवढ्यावर गेलं नसतं.

मला ऐकू कमी आलं असतं, किंवा खरंच समजलं नसतं, तर तुझ्यासमोर उभं राहता आलं असतं. मला कळलं होतं. मी विचारलं नाही. आणि मग जिनं बरोबर सांगितलं तिला चूक ठरू दिलं. लाल पेन हातात होता म्हणून खूण तुझ्या वहीवर केली.

रविवारी ईशान घरी असतो. तिन्ही पत्रांच्या प्रती मी ठेवल्या आहेत, सवय. त्या मी त्याला वाचून दाखवणार आहे. हे वाक्य तुला लिहून पाठवतोय, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

पद्माकर

*

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

सिद्धी,

वाचून दाखवलं. काल सकाळी, चहानंतर. विद्यालाही बाहेरच्या खोलीत आणून बसवलं होतं.

पहिल्या पत्राला ईशान म्हणाला, "हे ठीकच आहे की." दुसऱ्याला तो उठून खिडकीशी गेला. तिसरं वाचताना तो एकदाही मागे वळला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "बाबा, तिनं मला हेच सांगितलं होतं. बाबांना माहीत आहे, त्यांना विचार, असं म्हणाली होती. मी म्हटलं, माझा बाप मराठीचा मास्तर आहे, त्याला वार कशाशी खातात ते कळतं." मग तो रडला. मोठा झाल्यावर त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेलो तर हात झटकला. बरोबरच केलं.

मी विद्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला धक्का बसला असेल. तर ती म्हणाली, "मला सगळं आठवत होतं. वरण, तुमचा तो विनोद, सगळं. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तेव्हाच कळलं काय झालं ते. तोंड उघडत नव्हतं म्हणून बोलले नाही. उघडायला लागल्यावर म्हटलं, हे स्वतःच सांगतील. दीड महिना वाट बघितली हो मी."

आणि मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी गेले असते, तर सांगितलं असतं का?"

मी पत्रांची घडी घालत राहिलो. तुला तरी खोटं लिहू नये म्हणून लिहितो: नसतं सांगितलं. तुझ्या नावावर ते कायमचं गेलं असतं, आणि दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी मी ते जाऊ दिलं असतं. चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिला हे कळलंय. ती माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या हातून पाणी घेत नाही, स्वतः उठून घेते.

ईशान आज वकिलाकडे गेला नाही. ऑफिसलाही गेला नाही. तुझ्या दाराशी येऊ का, असं त्यानं तुला विचारलं असेलच. त्याला काय सांगायचं ते तुझ्यावर. मी मध्ये पडणार नाही. माझ्या मध्ये पडण्यानं काय होतं ते आपण बघितलं.

डबी मी फेकली नाही. विद्या म्हणाली, राहू दे. तिच्या बाकीच्या गोळ्या आता तीच भरते आणि प्रत्येक घर मला दाखवून मोठ्यानं सांगते: ही कशाची, कधी, किती. फ्रिजवर कागद लावलाय, त्यात औषधाचं नाव, कशासाठी आणि कोणत्या दिवशी. तपासणीला जाताना तो कागद आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घेऊन जातो. हे तू वर्षभर करतच होतीस. मी त्याला कारकुनी म्हणायचो.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यावी लागते, आणि तुला आणखी कशाची सक्ती नको.

पद्माकर

*

मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धी,

काल संध्याकाळी वादिराज येऊन तुझी चिठ्ठी देऊन गेला. आत आला नाही, पाणीही घेतलं नाही. "अक्कानं दिलंय" म्हणाला आणि लिफ्टकडे वळला.

विद्यानं ती तीनदा वाचली. मी एकदाच वाचली, पण मला पाठ आहे. "बाबा, पत्रं पोचली. आईंना बघायला पुढच्या वारात येते. राहायला नाही. ईशानशी जे बोलायचं ते मी बोलेन. आईंना मेतकूट चालतं का, डॉक्टरांना विचारून ठेवा."

बाबा असं लिहिलंस. मी त्याचा फार अर्थ काढत नाही. सवयीनं लिहिलं असेल.

मेतकुटाचं डॉक्टरांना विचारलं. थोडं चालेल, तिखट नको. त्यांनी सांगितलं ते मी त्यांना माझ्या शब्दांत परत सांगितलं, तेव्हा ते हसले आणि मान हलवली.

उद्या गणपती बसतील. या वर्षी मूर्ती लहान आणलीय. आरास नाही. विद्या म्हणाली, तू येशील तेव्हा मोदक करायचे. माझ्या देखत तिनं ईशानला नारळ आणायला सांगितलं. बसून करेन म्हणते. कर म्हटलं.

एकच विचारायचं राहिलं. तू लिहिलंस, पुढच्या वारात. मी असं समजतो: पुढच्या आठवड्यात, म्हणजे एक ते सात सप्टेंबरच्या मध्ये कधीतरी. बरोबर समजलो का? आणि त्यातल्या कुठल्या वारी, तेही कळव. त्या दिवशी मी खाली बागेत जाऊन बसेन. तू वर जा. तू मला हाक मारलीस, तरच येईन.

बाबा